अकरा पुस्तकं

गावपळण संपली आणि गाव घरी परतला. तीन दिवस सगळे गुरांढोरांसकट वेशीबाहेर झोपड्या बांधून राहिले होते. त्या दिवसांत गावात कुणी पाऊल टाकत नाही. गाव तेव्हा माणसांचा नसतो.

सकाळी स्वप्नाने वाचनालयाचं कुलूप काढलं. जाताना तिनेच उपटून ठेवलेला संगणकाचा प्लग तसाच जमिनीवर पडला होता. तो लावल्यावर काळ्या पडद्यावर ओळखीची हिरवी अक्षरं उमटली. हा प्रोग्राम भाऊ सामंतांनी तीस वर्षांपूर्वी लिहिलेला. भाऊ गेले, मागोमाग तीन संगणक भंगारात गेले, तरी आठ दिवसांच्या मुदतीने चालणारी पुस्तकांची देवघेव अजून तोच सांभाळत होता. आज तो काढून नवा घालायला कुडाळहून धनेश आला होता.

"स्वप्नाताई, ह्या तीन दिसांत हंय कोण इल्लो?" पडद्याकडे बघत धनेशने विचारलं. "अकरा पुस्तकां गेलेली दिसतत."

स्वप्ना वाकली. अकराही सभासद जुने होते. प्रत्येकाच्या नावापुढे 'मयत' हा शेरा कधी ना कधी तिनेच घातला होता. पहिलं नाव भाऊंचं होतं.

"जुनो प्रोग्राम तो, कायव दाखवता," धनेश हसला. "पुसून टाकतंय."

स्वप्ना कपाटांकडे गेली. दाटीने लावलेल्या पुस्तकांमध्ये फटी पडल्या होत्या. तिने त्या दोनदा मोजल्या. मग परत येऊन तिने धनेशचा हात कीबोर्डवरून हळूच बाजूला केला.

"आठ दिवस थांब रे," ती म्हणाली. "पुस्तकां परत येवची आसत."