अदलाबदलीचा शेवटचा दिवस

"विकून टाका म्हणतोयस तू? ब्रेडनला?" नोएलने ग्लास असा आदळला, की अर्धी बिअर टेबलावर सांडली.

"विका नाही म्हटलं मी. जाऊ द्या म्हटलं," लेफ्टेरिस म्हणाला.

"एकच की!"

लेफ्टेरिसने खिशातून रुमाल काढून टेबल पुसलं. "पर्थचा क्लब त्याच्या बदल्यात आपल्याला नव्या पोरांमधून पहिल्या निवडीचा हक्क देतोय. सौदा वाईट नाही."

पबमधल्या त्यांच्या टेबलावरचे सगळे लेफ्टेरिसकडे वळले. डॉकसाइड फुटबॉल क्लबचं नशीब, निदान या पाठीराख्यांच्या मते, हंगाम संपला की दर ऑक्टोबरात याच टेबलावर ठरायचं. कोणाला ठेवायचं, कोणाला हाकलायचं, कोणाच्या बदल्यात कोण आणायचं, यावर आवाज बसेपर्यंत भांडणं व्हायची. पण ब्रेडन ऑलसपचं नाव आजवर कोणी काढलं नव्हतं. तो चेंडूसाठी उडाला, की गोलामागचा अख्खा स्टँड त्याच्याबरोबर टाचा उचलायचा.

"लेफ्टी," मॉरीन म्हणाली, "पर्थहून आला तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं त्याला. तुझ्याच घरी राहिला ना? तुझ्याच बायकोच्या हातचं खाऊन एवढा ताड झाला ना?"

"हो."

"आणि आता चांगला सौदा म्हणतोस?"

"या हिवाळ्यात, ऐन हंगामात त्याची आई गेली," लेफ्टेरिस म्हणाला. "त्यानंतर त्याचा खेळ पाहिलात ना? लक्ष नाही त्याचं."

"म्हणून दुःखात असलेल्या पोराला बाजारात उभं करायचं?" नोएल उठला. "क्लबवाल्यांचं सोड, ते धंदाच करायला बसलेत. पण तू? शरम वाटत नाही?"

लेफ्टेरिस समोरचं खाणं तसंच ठेवून निघून गेला.

नोएलला त्या रात्री झोप लागली नाही. शाळा बुडवून दोघं पहिल्यांदा मैदानावर गेले होते, तेव्हापासून एकाच कठड्याला टेकून उभे राहत आले होते. नोएलने ट्राम चालवली, लेफ्टेरिसने मासे तळले. पण शनिवारी कठडा एकच. नोएलची बायको वारली त्या आठवड्यात लेफ्टेरिसने त्याला घरातून अक्षरशः ओढून सामन्याला नेलं होतं. हा माणूस असा उलटेल, असं कोणी सांगितलं असतं तर नोएलने त्याचं तोंड फोडलं असतं.

सकाळी रेडिओवर क्लबचे अध्यक्ष बोलले. "आम्ही ब्रेडनच्या हिताचाच विचार करतोय. याहून जास्त सांगता येणार नाही."

"सांगता कसं येईल, चोरांनो!" नोएल रेडिओवर ओरडला. मग त्याने फोन उचलला आणि त्याच कार्यक्रमात तेच पुन्हा सांगितलं, फक्त जरा सभ्य शब्दांत. शेवटी म्हणाला, "खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत आज संध्याकाळी संपतेय. ज्यांना ब्रेडन आपला वाटतो, त्यांनी क्लबच्या फाटकावर यावं."

माणसं आली. कोणी कामावरून थेट आलं, कोणी कडेवर मूल घेऊन. तांबड्या-पांढऱ्या मफलरांनी रस्ता भरून गेला. "ब्रेडन गेला तर आम्हीही गेलो!" अशी आरोळी उठली. सभासदत्व सोडू, अख्खी समिती घरी बसवू, असं लोक ओरडू लागले. क्लबच्या ऑफिसच्या खिडकीचे पडदे हलायला लागले, तसा नोएलला आणखी जोर चढला.

गर्दीतून वाट काढत लेफ्टेरिस त्याच्यापर्यंत आला. त्याच्या अंगाला अजून तळणीचा वास येत होता.

"नोएल, माझं ऐक. यांना घरी पाठव."

"का?"

"सांगता येत नाही. शब्द दिलाय."

"कोणाला? त्या आतल्या चोरांना?"

"आजवर कधी काही मागितलंय मी तुझ्याकडे? आज मागतोय."

नोएलने त्याच्याकडे पाहिलं. क्षणभर त्याचं मन डळमळलं. मग त्याला ते शब्द आठवले: सौदा वाईट नाही.

"चालता हो," तो म्हणाला. "आणि शनिवारी माझ्या शेजारी उभा राहू नकोस. कधीच."

लेफ्टेरिस मान खाली घालून रस्त्यापलीकडे आपल्या व्हॅनपाशी जाऊन थांबला.

उन्हं कलली. मुदत संपायला थोडाच वेळ उरला असताना अध्यक्ष पायऱ्यांवर आले. चेहरा पडलेला होता. "सौदा रद्द," ते म्हणाले. "ब्रेडन कुठेही जात नाही."

एकच जल्लोष झाला. नोएलला कोणीतरी खांद्यावर उचललं. मॉरीन रडत होती, अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. बायको गेल्यापासून एवढा आनंद नोएलला झाला नव्हता.

तेवढ्यात बाजूच्या दारातून ब्रेडन बाहेर पडला. नोएल धावत त्याच्यापाशी गेला. "पोरा, नाही विकू दिलं तुला! आम्ही आहोत तोवर कोणाची हिंमत नाही!"

ब्रेडनने त्याचा हात हातात घेतला. "थँक्यू, मिस्टर हॅनराहन," तो हळूच म्हणाला आणि पलीकडे गेला. लेफ्टेरिसने व्हॅनचं दार उघडून दिलं.

कोणाबरोबर जातोय हे पोराला कळायलाच हवं, म्हणून नोएल रागाने मागोमाग गेला. खिडकीची काच खाली होती. ब्रेडन फोनवर बोलत होता आणि लेफ्टेरिस त्याच्या पाठीवरून हात फिरवत होता.

"टिली, रडू नको, दादा आहे ना," ब्रेडन म्हणत होता. "पर्थला राहायला आलो तरच तुला माझ्याकडे देणार, असं कोर्टाने सांगितलंय ना, म्हणून मीच क्लबला सोडा म्हटलं होतं गं, हात जोडले, पण आता पुढच्या अदलाबदलीपर्यंत वर्षभर तुला त्या परक्या घरातच राहावं लागेल, कारण इथल्या माणसांचा माझ्यावर फार जीव आहे."