चन्नबसप्पांचा ताप

बँकेचे मुनशी दारात आले म्हटल्यावर महादेवीने सांबप्पाला खाटेवर ढकलले आणि त्याच्या अंगावर गोधडी ओढली. वैशाखातली दुपार होती. "ताप आलाय तुमाला, भावजी. डोळे उघडू नका," एवढेच तिने सांगितले आणि पदर सारखा करून ती कडी काढायला गेली.

खाट तिच्या नवऱ्याची, चन्नबसप्पांची होती, आणि चन्नबसप्पा वाशीमला होते. रझाकार परभणीच्या बाजारात कापडवाल्यांची नावे विचारत फिरू लागले, तेव्हा ते दुकानाला कुलूप लावून सरहद्दीपलीकडे, हिंदुस्थानात निघून गेले. माणूस निसटला, पण पुंजी निजामाच्या मुलखात, बँकेत अडकली. जाताना त्यांनी कोऱ्या चेकांवर दस्तखत करून ठेवले होते. महादेवी पैसे काढायची, आणि मुंजाजी गाडीवान निजामाच्या हाली रुपयांचे हिंदुस्थानी कलदार करून ते वाशीमला पोचवायचा.

काल मात्र खिडकीमागच्या नव्या मुनशींनी चेक हातात घेतला आणि मालक कुठे आहेत, असे विचारले. पळून गेलेल्यांची खाती बंद होणार, अशी कुणकुण बाजारात होतीच. त्यांच्या घरांचे काय होते तेही लोक हळू आवाजात बोलत. घाबरून तिच्या तोंडून निघून गेले, घरीच हायत, तापानं निजून हायत. मग येऊन पाहून जातो, असे म्हणत मुनशींनी चेक ठेवून घेतला. ते लगेच दुसऱ्याच दिवशी येतील असे तिला वाटले नव्हते. नशिबाने चुलत दीर सांबप्पा सकाळीच ताडकळसहून सरकी घेऊन आला होता.

बन्सीधर मुनशी हैदराबादचे. त्यांनी चन्नबसप्पांना कधी पाहिलेले नव्हते, तेवढाच काय तो आधार. पण त्यांच्याबरोबर एक खाकीतला माणूस होता. तो आत आला नाही. चौकटीला टेकून घरातली एकेक वस्तू पाहत राहिला. तो कोण ते मुनशींनी सांगितले नाही, आणि विचारायची तिची छाती झाली नाही.

मुनशी तसे भले दिसत होते. त्यांनी जोडे बाहेर काढले, खाटेशी बसले आणि सांबप्पाच्या कपाळावर हात ठेवला. हात तिथेच थांबला.

"अंग तर थंडगार आहे," ते म्हणाले.

गोधडीखाली सांबप्पा भीतीने निथळत होता. त्याचे दात वाजत होते ते महादेवीला ऐकू येत होते. कोयनेलची गोळी दिलीय, घाम येऊन ताप उतरायलाय, असे ती कसेबसे बोलली. मुनशींनी रुमालाला हात पुसला.

मग त्यांनी रोग्याला नाव विचारले. सांबप्पा नुसता कण्हला. मुनशी तिच्याकडे वळले. घरच्या माणसाची साक्ष लागते, खाटेवर कोण आहे ते तुम्ही सांगा, म्हणाले. दारातला माणूसही आता तिच्याकडेच पाहत होता. महादेवीने गळ्यातले लिंग पदराआडून मुठीत धरले. शिवासमोर दुसऱ्या माणसाकडे बोट दाखवून नवऱ्याचे नाव घ्यायचे, हे काही तिच्याने होईना.

"मालक हायत," ती म्हणाली. "आमी नाव घेत न्हाई."

मुनशींनी मान डोलावली. बायका नाव घेत नाहीत हे त्यांना ठाऊक होते. दारातला माणूस जरासा हसला.

मुनशींनी पिशवीतून कागद काढून टाक पुढे केला. सांबप्पाला अक्षराची ओळख नव्हती, पण तसे सांगायची पाळीच आली नाही. बोटे इतकी थरथरत होती की टाक गोधडीवर पडला. मुनशींना दया आली असावी. त्यांनी सांबप्पाचा हात स्वतःच्या हातात घेतला, अंगठ्याला शाई लावली आणि तो कागदावर हलकेच दाबला.

शाई वाळेपर्यंत त्यांनी तिला नीट समजावून सांगितले. जुने दस्तखत आजपासून रद्द. इथून पुढे मालकांनी स्वतः येऊन हा अंगठा लावायचा. त्यांच्या नावाने दुसरा कोणी आला, तर त्याला तिथेच बसवून चौकीवर कळवायचे, असा हुकूम आहे.

"आता फिकीर करू नका," मुनशी उठत म्हणाले. "तुमच्या पैशाला आता परका माणूस हात लावू शकत नाही."

ते गेल्यावर सांबप्पा उठून बसला. त्याचा सदरा पिळून काढण्यासारखा झाला होता. अंगठा धोतराला लागू नये म्हणून त्याने हात लांब धरला होता.

"वैनी, मी जाऊ का गावाकडं?" त्याने विचारले.

महादेवीने फटीतून पाहिले. मुनशी एकटेच चालले होते. खाकीतला माणूस समोरच्या पानाच्या दुकानाशी बसला होता. तिने सांबप्पाला नको म्हणून खुणावले, आणि तो पुन्हा गोधडीत शिरला.

दिवस कलताना मुंजाजी परसदारी आला. चन्नबसप्पांचा निरोप होता, पैशाचं जमत नसेल तर अमावस्येला मीच चोरून येतो, बँकेत माझं मी बघतो. काय सांगू, मुंजाजीने विचारले.

महादेवी दाराला धरून उभी राहिली. आत खाट करकरली.

"येऊ नका म्हणावं," ती म्हणाली. "घरी मालक हायत."