पायथ्याचा बाक

सहाव्या मजल्यावर नवऱ्याने पायरीवर बसकण मारली आणि पाठीवरची पिशवी उतरवून ठेवली.

"ऊठ," ती म्हणाली. हातातल्या घड्याळावरची नजर तिने काढली नाही. "अजून दोन मजले आहेत. धबधब्यापर्यंत जायचं तर असं तीन वेळा चढावं लागणार आहे."

"मग धबधब्यालाच इकडे बोलावू या," नवरा धापा टाकत म्हणाला. नऊ वर्षांची छोटी खिदळली. ती वर जाऊन, पुन्हा बापाला बघायला खाली आली होती.

छोटीची आई शाळेत वेळापत्रकं बनवायची. चोवीस वर्गांचे तास एकमेकांवर आपटू न देता बसवणारी बाई घरच्यांना घेऊन डोंगरावर निघणार, म्हणजे तयारी साधी थोडीच असणार! घरात तिला 'हेडमास्तर' म्हणत आणि तिला ते आवडेही. धबधब्यापर्यंत चारशे ऐंशी पायऱ्या आहेत हे कळल्याबरोबर तिने आपल्या आठ मजली इमारतीच्या पायऱ्या मोजल्या. एकशे साठ. बरोबर एक तृतीयांश. म्हणून आज रविवारी सकाळी सात वाजता रंगीत तालीम होती. बूट, पिशव्या, शिट्टी, सगळ्यासकट.

योजनेच्या कागदावर प्रत्येकाचं काम लिहिलेलं होतं. नवऱ्याकडे डबे. छोटीने दर साठ पायऱ्यांनी थांबायचं आणि पळायचं नाही. सगळ्यात खाली एक ओळ होती: 'अण्णा – पायथ्याचा बाक. सामान सांभाळणे.'

अण्णा म्हणजे तिचे वडील. वय बहात्तर. सदतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करून निवृत्त झालेले. त्यांनी तो कागद दोनदा वाचला होता.

"बाकावरून धबधबा दिसतो का गं?"

"आवाज येतो, अण्णा."

"बरं," म्हणून त्यांनी कागदाची घडी घालून परत दिली. भोकाड पसरलं ते छोटीने. आजोबा आणि ती दोघं मिळून धबधब्याखाली भिजणार, असं त्यांचं कधीचं ठरलं होतं. अण्णांनी उभ्या जन्मात धबधबा पाहिला नव्हता. तिलाही वाईट वाटलं, पण ती हटली नाही. चारशे ऐंशी पायऱ्या म्हणजे काय चेष्टा आहे? ज्या माणसाचं आयुष्य लिफ्टमध्ये गेलं, त्याच्या गुडघ्यांचा काय भरवसा?

लहानपणी सुट्टीच्या दिवशी ती त्यांच्याबरोबर कामावर जायची. तिला तळमजल्यावर चौकीदाराजवळ बसवून अण्णा हत्यारांची पिशवी खांद्याला लावत आणि नाहीसे होत. तास-दीड तासाने घरघर ऐकू यायची. लिफ्ट वरून खाली यायची, दार उघडायचं आणि आत काळ्याकुट्ट हातांचे अण्णा उभे असायचे. "चला बाईसाहेब," म्हणून ते तिला शेवटच्या मजल्यापर्यंत फिरवून आणायचे. वर्गात ती ऐटीत सांगायची, माझे वडील दिवसभर लिफ्टमध्ये असतात. तेच अण्णा तिच्या डोळ्यांसमोर कायमचे राहिले होते. म्हणून तर तिने घरही तळमजल्यावरचं घेतलं. रोज सकाळी गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घालून येतात, तेवढीच त्यांची हालचाल, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे.

आजही तिने त्यांना सोपं काम दिलं होतं. पाण्याच्या बाटल्यांची पिशवी घेऊन लिफ्टने वर जायचं आणि दमून आलेल्यांना पाणी द्यायचं. बाकीच्यांच्या बुटांच्या नाड्या बांधून होईतो अण्णा पुढे निघूनही गेले होते.

गच्ची आली तेव्हा ते कुंड्यांपाशी उकिडवे बसून पिवळी पानं खुडत होते. उठून त्यांनी सगळ्यांना बाटल्या दिल्या. नवऱ्याची बाटली दोन घोटांत संपली.

"अकरा मिनिटं," ती म्हणाली. "वर्ग नापास."

"नापास तर नापास. मी लिफ्टने चाललो." नवरा आठव्या मजल्यावर उतरला. त्याने बटण दाबल्याचं ऐकू आलं. पुन्हा दाबलं. मग खालून त्याचा रडवेला आवाज आला, "अगं, ही बंद आहे!"

"काल दुपारपासूनच," अण्णा म्हणाले. "दाराचं काहीतरी असणार. उद्या येतोय म्हणे त्यांचा माणूस."

तळमजल्यावर राहणाऱ्यांना लिफ्टची खबर असायचं कारणच नव्हतं. ती वडिलांकडे बघत राहिली. कपाळावर घाम नव्हता, श्वासही लागलेला नव्हता.

"मग तुम्ही वर कसे आलात?"

"जिन्याने."

"एवढं पाणी घेऊन?"

"कुंड्यांचं पाणी याहून जड असतं. रोजचंच आहे ते."

तिने पिशवी उचलून पाहिली. तीन बाटल्या काढून झाल्या होत्या, तरी तिचा खांदा कलला. आपल्या बापाचा तिला भलताच अभिमान वाटला. तिने खिशातून योजनेचा कागद काढला, शेवटची ओळ खोडली आणि सगळ्यात वर लिहिलं: 'अण्णा – सर्वांच्या पुढे.' छोटीने वाचून जी किंकाळी फोडली ती आठही मजल्यांना ऐकू गेली.

"तुला बाकावर बसायचं असेल तर बघ, जागा रिकामी झालीये," तिने खालच्या नवऱ्याला ओरडून सांगितलं. मग ती अण्णांकडे वळली. "पण अण्णा, ही सवय तुम्हाला लागली कधी? नोकरी होती तोवर तर तुम्ही लिफ्टमध्येच होतात."

अण्णांनी हातातली पिवळी पानं कुंडीत टाकली आणि ते खळखळून हसले.

"अगं वेडे, लिफ्ट चालू असताना मला कधी कोणी बोलावलंय का?"