काकांचं पाकीट

वसुली अधिकारी माझ्या दवाखान्यातल्या नव्या खुर्चीवर, दात दाखवायला आल्यासारखे अवघडून बसले होते. "ही तुमच्या काकांच्या पैशांतून घेतली?" "हो. बक्षीस दिलं त्यांनी." "त्यांचा कर थकलाय. नोटीस मिळाल्यावर वाटलेले पैसे आम्ही घेणाऱ्याकडून वसूल करतो." "नोटीस नंतर आली असणार. काका लबाडी करणारे नाहीत." जपून ठेवलेलं चेकचं पाकीट मी पुरावा म्हणून समोर धरलं. वर काकांचं अक्षर: "डॉक्टरीणबाई, कुणाचं देणं ठेवू नका." खाली तारीख. अधिकाऱ्यांनी पाकिटाची कड चाचपली, नखाने उचकटली. तेव्हा मला आठवलं. काका आलेलं पाकीट कधीच फेकत नसत. उकलून, उलटं चिकटवून पुन्हा वापरत. आतल्या बाजूला लाल शिक्का होता: "कर थकबाकी नोटीस." त्यावरची तारीख काकांच्या तारखेच्या चार दिवस आधीची. अधिकारी उठून म्हणाले, "बसा, डॉक्टर." त्या खुर्चीत मी पहिल्यांदाच बसले.