डाव्या हाताचं गजकर्ण

"हात पुढे कर," जयवंती लेकीला म्हणाली.

आर्याने उजवा केला.

"दुसरा."

डाव्या हातावर, मनगटाच्या जरा वर, गोल होता. कडेने लाल आणि खवलेदार, मधे साफ. कंपासने काढावा तसा.

"आता पोह्यांचा ट्रे काय एका हाताने धरणार?"

प्रश्न पाताड्यांच्या स्थळाचा होता. थोरला मुलगा जितेश, बँकेत कायम. उमेळ्याला नव्या बिल्डिंगमध्ये पाताड्यांचा स्वतःचा फ्लॅट, आणि त्या फ्लॅटला रोज पाणी. २००१ सालच्या वसईत यातली शेवटची गोष्ट बँकेपेक्षा मोठी होती. पाताडे वहिनींनी हळदीकुंकवात स्वतः आर्याला हेरलं होतं. हे स्थळ जाऊ द्यायचं नाही, असं जयवंतीने ठरवलं होतं. तिने काही ठरवलं की गोखिवऱ्यातली त्यांची सोसायटी आपोआप शिस्तीत वागायची.

"गजकर्ण म्हणजे हत्तीचा कान," आर्याचे बाबा पेपरामागून म्हणाले. "हा तर उंदराचाही नाही."

"तुम्ही गप्प बसा."

नाक्यावरच्या केमिस्टने हात न बघताच ट्यूब दिली. खाज त्याच दिवशी थांबली. फक्त पेढे वाटायचे राहिले. मग गोल दुप्पट झाला आणि त्याच्या शेजारी एक पिल्लू झालं. खालच्या मजल्यावरची लिडिया बाय म्हणाली, टाकळ्याचा पाला वाटून लाव. पाल्याने कातडं भाजलं. गोल तसाच.

शेवटी कातडीच्या डॉक्टरकडे गेले.

"यात किडाबिडा नसतो," डॉक्टर म्हणाले. "बुरशी असते. शिळ्या पावावर येते तशी."

"आमच्याकडे पाव शिळा राहत नाही," जयवंती म्हणाली.

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं आणि आर्याशी बोलायला लागले. "केमिस्टची ती ट्यूब फेकून दे. त्यात स्टेरॉइड असतं. खाज दबते, बुरशी माजते. हे मलम लाव. गोल दिसेनासा झाला तरी सोडायचं नाही, लावत राहायचं. टॉवेल वेगळा. कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात. हात कोरडा ठेव."

टँकरच्या पाण्यावर जगणाऱ्या घरात जयवंतीने चादरी उकळल्या. टॉवेलांवर नावं भरली. आर्याच्या बाबांनी चुकून एकदा आर्याचा टॉवेल घेतला, तेव्हा त्यांना ओल्या अंगाने उन्हात उभं केलं.

आर्याही मन लावून मलम लावायची. कॉम्प्युटर क्लासला जातानाही ट्यूब पर्समध्ये. महिन्याची ट्यूब निम्म्या वेळात संपली.

"मनापासून करते हो पोर," जयवंतीने कौतुकाने दुसरी आणली.

गोल गेला. कार्यक्रम ठरला. गोल परत आला.

जयवंतीने पाताड्यांना आर्याची आजी वारल्याचं कळवलं. आजी त्याआधीही एकदा वारली होती, पण तेव्हा खरोखर. आता आणखी एकदा पुढे ढकललं तर स्थळ हातचं जाणार होतं.

"मुलगी सगळं नीट करतेय," डॉक्टर म्हणाले. "पण हिला परत परत देणारं दुसरंच कुणीतरी आहे. नुसता ओझरता हात लागून सहसा होत नाही. रोज, बराच वेळ कातडीला कातडी लागत असणार. घरातली माणसं तपासा. मांजर असेल तर मांजर तपासा. त्याला बरं केल्याशिवाय हे जायचं नाही."

जयवंती कामाला लागली. आर्याच्या बाबांना गॅलरीत उघडं करून बॅटरीने तपासलं. निघाला तो फक्त एक चामखीळ. दूधवाल्याला आत बोलावून चहा दिला आणि त्याचे हात पाहिले. तो दुसऱ्या दिवसापासून मुलाला पाठवू लागला. मग ती लिडिया बायच्या बोक्याकडे गेली आणि बोंबिलाचं डोकं दाखवून त्याला उताणा पाडला.

"काय गं, एवढं निरखून बघतेस," लिडिया बाय म्हणाली. "स्थळ आणलंस का त्याला?"

बोका निर्दोष निघाला.

"क्लासला शेजारी कोण बसतं तुझ्या?" तिने आर्याला विचारलं.

"मुलीच असतात गं."

रविवारी पाताडे वहिनी जितेशला घेऊन आल्या. भर मे महिन्यात आर्या पूर्ण बाह्यांच्या ड्रेसमध्ये पोहे घेऊन आली. कुणाला काही दिसलं नाही.

"उकडतंय हो," जयवंती जितेशला म्हणाली. "बाह्या दुमडा की."

आता हे तिच्या अंगवळणी पडलं होतं. दोन्ही हात स्वच्छ. ती समाधानाने टेकून बसली. जितेश फिक्स्ड डिपॉझिटबद्दल बोलला. आर्याचे बाबा पेंगले. सगळं व्यवस्थित चाललं होतं.

"धाकट्यालाही आणायचं होतं, वहिनी," जयवंती म्हणाली.

"संकेतला? नको म्हणाला. सकाळपासून तोंड पाडून बसलाय. पण थोरल्याचं झाल्याशिवाय त्याचं बघता येत नाही, काय करणार." पाताडे वहिनी जरा पुढे झुकल्या. "आणि खरं सांगू? आणण्यासारखा नाहीच सध्या. उजव्या हाताला गजकर्ण झालंय. मलम लावतो, पण गोल गेला की मेला सोडून देतो. मग परत येतं. घरात कुणालाही नाही, याला कुठून लागलं देव जाणे."

जयवंती सरळ बसली. "कुठे जातो तो दिवसभर?"

"कुठे जाणार! कॉम्प्युटर क्लासला. एका कॉम्प्युटरसमोर दोघं-दोघं बसवतात म्हणे. खुर्चीला खुर्ची लावून."

जयवंतीने आर्याकडे पाहिलं. आर्या चमच्याने एकच शेंगदाणा बशीभर फिरवत होती. तिचे कान लाल झाले होते.

जयवंतीने क्षणभर विचार केला. तोच फ्लॅट. तेच पाणी.

ती उठली, जितेशच्या हातातली पोह्यांची बशी अलगद काढून घेतली आणि म्हणाली, "वहिनी, धाकट्याची पत्रिका आणलीय का?"