रांगेतली मोकळी जागा

दुपारच्या शांततेत वरवंटा गडगडत भिंतीला आपटला. लादी बसवायची म्हणून शीतल आणि सासूबाईंनी जमिनीत रुतलेला पाटा उपटून उलटा केला होता. खालच्या अंगाला घोडेस्वार कोरलेला, वर चंद्रसूर्य. अगदी मसणवटीतल्या वीरगळांसारखा. तिथं गावासाठी लढून मेलेल्यांचे दगड रांगेत उभे आहेत. मधली एक जागा तेवढी मोकळी, या घराच्या पूर्वजाची. तो लढाईतून पळाला, असं गाव म्हणतं. धसईच्या बाजारातही शीतलला 'पळपुट्यांची सून' ऐकावं लागतं. तिनं ओढणीनं माती पुसली. "आत्याबाय, आपला मानूस पळाला नव्हता वो! उद्याच त्याला रांगेत उभा करू." सासूबाईंनी पाट्याला हात जोडले. "आणि मी जल्मभर तुझ्या पाठीवर मिरच्या वाटल्या रे बाबा!" छोटी लेक घोड्याच्या नाकावर बोट ठेवून म्हणाली, "आई, मग याला तिथून उचलून घरात आनला कोनी?"