विरळणी

"ठेवायचं, की परत पाठवायचं?" सुईणीने विचारलं. जपानच्या डोंगरातल्या त्या गावात तिसऱ्या बाळंतपणाला ती हेच विचारायची.

"दोन नातू आहेत, खाचर एवढंसं. परत पाठव," सासूने सांगितलं. बाळंतीण किनु भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. सुईणीने कागद ओला करून बाळाच्या नाकातोंडावर ठेवला आणि त्याचं रडणं थांबलं.

उन्हाळ्यात देवी आल्या. आठवड्याभरात दोन्ही नातू गेले.

थंडीच्या तोंडावर किनु मुळ्याच्या वाफ्यात नुसतीच बसली होती. रोपं दाट उगवली होती.

"विरळणी कर गं. अशा दाटीत एकही मुळा पोसायचा नाही," सासू म्हणाली.

"कुठलं ठेवू?" किनुने विचारलं. "ते तुम्हालाच कळतं."

सासूने वाकून एक रोप चिमटीत धरलं. दिवस मावळला तरी तिच्याच्याने ते उपटवेना.